आधी अंतर मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मानसिक आरोग्यसेवा कायदा संसदेने २०१७ साली केला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. मानसिक आजार असलेल्या कोणालाही, मग ते लहान मूल असो की म्हातारे माणूस, उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये आणि सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. किमान सेवा प्रत्येक जिल्ह्यात असावी. नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असेही तिथेच म्हटले आहे. पण लांब म्हणजे किती किलोमीटर, किती तास, हे कायद्याने सांगितलेले नाही. ते राज्याने ठरवायचे. आपल्या राज्यात कोणत्या तालुक्यातल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, याचा तालुकावार हिशेब आपल्या खात्याने लोकांपुढे ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. नकाशा वाचणे हे माझे काम आहे आणि त्या नकाशावरचा एक रस्ता माझ्या चांगला पायाखालचा आहे.

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आपल्याला माहीत आहेतच: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५. नागपूरचे रुग्णालय १८६४ सालचे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. ती कुठे असावीत हे इंग्रजी अमदानीत, त्यांच्या प्रांतांच्या आणि इलाख्यांच्या सोयीने ठरले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून आमच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला यातले एकही आले नाही. राज्याच्या सीमा बदलल्या, संयुक्त महाराष्ट्र झाला, तरी नांदेडहून येरवडा साधारण साडेचारशे किलोमीटरच राहिले. आता जालन्याला ३६५ खाटांचे मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. उशिरा का होईना, या निर्णयाचे मनापासून स्वागत. नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत, तेही मी विसरत नाही. तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासारख्या कितीतरी घरांना सावरले आहे.

पण खाटेचा विचार झाला की काम झाले, असे होत नाही. बहुतेक रुग्णांना खाट लागतच नाही. त्यांना लागतो महिन्याला एकदा बघणारा डॉक्टर, न चुकता मिळणाऱ्या गोळ्या, कधी इंजेक्शन, कधी रक्ततपासणी, आणि घरच्यांशी दोन शब्द बोलायला सवड असलेला समुपदेशक. अपेंडिक्सच्या रुग्णाला लांब जावे लागले तर तो एकदा जातो, ऑपरेशन होते, तो घरी येतो. आमचा रस्ता दर महिन्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. म्हणून मानसिक आजारात अंतराचा अर्थ निराळा आहे. इथे अंतर एकदा कापायचे नसते, ते सोसत राहायचे असते.

त्यात रुग्ण एकटा जात नाही. त्याच्यासोबत कोणीतरी लागतेच, म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांच्या मजुरीचा खाडा. मुक्कामी एसटी पहाटे निघते. ती चुकली तर काळीपिवळी पूर्ण भरेपर्यंत फाट्यावर थांबायचे. गोळ्यांच्या गुंगीतला माणूस बसमध्ये धड बसत नाही, आजार वर आलेला असला तर गर्दीत घाबरतो, मध्येच उतरतो म्हणतो, शेजारचे प्रवासी कुजबुजू लागतात. केसपेपर, रांग, तपासणी, औषधाच्या खिडकीपुढची रांग, आणि या सगळ्यात परतीची शेवटची गाडी गाठायची घाई. त्यामुळे डॉक्टरांना जे विचारायचे असते ते मनातच राहते. घरात पैसे नसले की त्या महिन्याची फेरी टळते, गोळ्या संपतात, दोन-तीन आठवडे बरे वाटते आणि मग सगळे पुन्हा उसळते. गोळ्या सुटल्या म्हणून डॉक्टर रागावतात. त्यांचेही चूक नाही. पण त्या महिन्यात गाडीभाड्याचे काय झाले होते हे केसपेपरवर कुठे लिहिलेले नसते.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबांना महिन्याला साधारण १००० ते १५०० रुपये खर्च करावे लागतात, असे त्यात दिसले. वेगवेगळ्या आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत होते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्याने आपले मोजमाप स्वतः करण्याला हे एक कारण पुरेसे आहे.

अंतर इतके आत शिरते की कोणाला कोणते औषध मिळणार हेही तेच ठरवते. क्लोझापीन हे औषध घ्या. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात ते पुष्कळदा गुण देते. पण त्याने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. शहरात राहणाऱ्याला हे जमते. दीडशे किलोमीटरवरून येणाऱ्या शेतमजुराला दर आठवड्याला रक्त द्यायला या, असे कोणता डॉक्टर सांगेल? तो समजूतदार असेल तर ते औषध लिहिणारच नाही. लिथियमचेही थोड्याफार फरकाने असेच. रक्तातली पातळी बघितल्याशिवाय ते चालवता येत नाही. एकाच आजाराच्या दोन माणसांना दोन वेगळे उपचार मिळतात, केवळ त्यांची गावे वेगळी आहेत म्हणून. हे कुठल्याच अहवालात दिसत नाही, कारण न लिहिलेल्या औषधाची नोंद होत नसते.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एडवर्ड जार्व्हिस नावाचे डॉक्टर होते. मनोरुग्णालयांत कुठल्या भागातून किती माणसे दाखल झाली ते त्यांनी काढले, त्या-त्या भागाच्या लोकसंख्येशी ते ताडून पाहिले आणि १८५० साली निष्कर्ष छापला. रुग्णालयाजवळच्या भागांतून लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त रुग्ण येत होते आणि जसजसे लांब जावे तसतसे प्रमाण घटत होते. लांबच्या गावांत वेड कमी असते म्हणून नव्हे. तिथली माणसे पोचत नाहीत म्हणून. अभ्यासक याला आजही जार्व्हिसचा नियम म्हणतात. जार्व्हिस यांच्यापाशी संगणक नव्हता. होती फक्त रुग्णालयांची दाखलनोंद आणि जनगणना. आपल्यापाशी ही दोन्ही आहेत आणि त्याहून खूप काही आहे.

मंत्रीमहोदय, मोजणीची सर्वांत मोठी चूक इथेच होऊ शकते. ओपीडीत आलेल्यांना विचारले आणि सरासरी काढली, तर ती सरासरी बरी दिसेल, कदाचित समाधान वाटावे इतकी बरी दिसेल. कारण जे फार लांब आहेत ते त्या रांगेत नाहीतच. धडगावच्या डोंगरातली बाई आलीच नाही, तर तिचे अंतर सरासरीत शून्यानेही मोजले जात नाही. ते मोजलेच जात नाही. म्हणून आकडे दोन हवेत. आलेले किती लांबून आले, हा एक. आणि प्रत्येक तालुक्यातून लाख लोकसंख्येमागे किती आले, हा दुसरा. दुसरा आकडा जिथे खाली बसतो तिथे आपल्या खात्याने स्वतःहून जायला हवे.

पहिल्या आकड्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. देशातल्या प्रत्येक गावाला सरकारी संकेतांक आहे. केसपेपर काढताना पत्त्याच्या जागी नुसते ‘मु. पो.’ आणि तालुका न लिहिता गावाचा तो संकेतांक टाकला, की पुढचे काम संगणक करतो. चिठ्ठीवर आणखी दोनच प्रश्न हवेत: घरून किती वाजता निघालात आणि येण्या-जाण्याला दोघांचे मिळून किती लागले.

अंतर नकाशावर फूटपट्टी ठेवून मात्र मोजू नये. वर्गात मी मुलांना साताऱ्याच्या कांदाटी खोऱ्याचे उदाहरण देते. कोयनेच्या शिवसागराच्या एका काठावरून दुसरा काठ डोळ्यांना दिसतो, पण लाँच नसेल तर पोचायला दिवस जातो. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना बंद होतो आणि जवळचे गाव एकदम लांब होते. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की अंतर मोजायचा प्रश्नच उरत नाही, कारण रस्ताच नसतो. म्हणून रस्त्याने लागणारा वेळ मोजावा, आणि तोही मोटारीचा नव्हे. एसटीचे वेळापत्रक धरून, थांबण्याचा वेळ मिळवून, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळा. नुसती सरासरीही सांगू नये. दोन तासांहून जास्त वेळ लागणारी वस्ती किती, चार तासांहून जास्त लागणारी किती, हे सांगावे. एकट्या पुण्या-मुंबईची लोकसंख्या सरासरीला इतकी खाली ओढते की गडचिरोली त्यात बुडून जाते.

मोजायचे कुठपर्यंत, हा प्रश्न तितकाच अवघड आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याचे पथक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ठरल्या दिवशी जाते, आणि तो दिवस माझ्यासारख्यांना सणासारखा वाटतो, कारण त्या दिवशी शहर गाठावे लागत नाही. पण नकाशावर त्या रुग्णालयाच्या जागी एक टिंब काढून ‘इथे सेवा आहे’ असे लिहिणे योग्य होणार नाही. महिन्यातून एक दिवस येणारा डॉक्टर आणि रोज बसणारा डॉक्टर यांची टिंबे सारखी कशी असतील? टिंबाशेजारी दिवस लिहावेत. पद मंजूर आहे की भरलेले आहे, हे लिहावे. औषधे त्या ठिकाणी मिळतात की चिठ्ठी घेऊन पुन्हा जिल्ह्याला जावे लागते, हेही लिहावे. ग्रामीण भागातल्या मेडिकलमध्ये मनोविकारावरच्या गोळ्या पुष्कळदा नसतात, त्यामुळे डॉक्टरपर्यंतचे अंतर आणि औषधापर्यंतचे अंतर ही दोन वेगळी अंतरे आहेत. दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात मानसिक आजाराचा समावेश केला, पण त्याचा दाखला काढायलाही पुन्हा तेच जिल्ह्याचे खेटे. सवलतीसाठी दाखला आणि दाखल्यासाठी प्रवास, यात गरीब माणूस मध्येच थकतो.

हे मोजमाप राज्याच्या सीमेवरही थांबू नये. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि नागपूर साडेतीनशेहून जास्त, पण गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगण. सावंतवाडीच्या माणसाला रत्नागिरीपेक्षा गोव्यातले बांबोळी कितीतरी जवळ, आणि तिथे मनोविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. नंदुरबारच्या लोकांना सुरत जवळची. ही माणसे शेजारच्या राज्यात उपचार घेतात, आणि आपल्या नोंदवह्यांनी पाहिले तर ती आजारीच नाहीत. शेजारच्या तीन राज्यांशी बोलून ही माहिती मिळवणे आपल्या खात्याला शक्य आहे. कोणत्याही एका नागरिकाला ते शक्य नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लांबचा प्रत्येक प्रवास सेवा नसल्यामुळे होत नाही. काही घरे मुद्दाम लांब जातात. तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचे भेटतील, मुलीचे लग्न अडेल, म्हणून जवळचा डॉक्टर टाळून तिसऱ्या जिल्ह्यातला गाठतात. काहींचा रस्ता आधी गाणगापूरवरून किंवा एखाद्या दर्ग्यावरून जातो. तिथे काही महिने राहून, उसने पैसे संपवून मग ती रुग्णालयात येतात. त्यांना हसणाऱ्यांतली मी नाही. तिथे निदान कोणी त्यांना दारातून परत पाठवत नाही, सोबत येणाऱ्याला बसायला जागा मिळते आणि आपल्यासारखी दुसरी माणसे भेटतात. हे समजून घ्यायचे तर केसपेपरवरचा संकेतांक पुरणार नाही. दरवर्षी काही तालुक्यांत समाजसेवा अधीक्षकांनी आणि आशाताईंनी घरोघर बसून विचारावे लागेल: आधी कुठे गेलात, आणि जवळचे सोडून इकडे का आलात? उत्तरात लाज असेल तर उपाय नवीन इमारत हा नाही. साध्या ओपीडीतच, ताप-खोकल्याच्या रुग्णांच्या रांगेत, मनाचा आजारही बघितला जाणे हा उपाय आहे. सर्व पातळ्यांवरच्या सर्वसाधारण आरोग्यसेवेत मानसिक आरोग्यसेवा मिसळावी, असे कायद्याचे तेच अठरावे कलम सांगते.

आता कोणी म्हणेल, फोन आहे की. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक मी स्वतः वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. मध्यरात्री घाबरलेल्या पोरापोरींना तिथे माणसाचा आवाज ऐकू येतो, याचे मोल मी जाणते. पण फोनवरून इंजेक्शन देता येत नाही, रक्त काढता येत नाही. ज्या सुनेला बोलायचे आहे तिचा फोन सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. आणि सातपुड्यातल्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. फोनने काही अंतर कमी होते. किती, हेही मोजता येईल: १४४१६ वर बोललेल्यांपैकी ज्यांना प्रत्यक्ष तपासणीचा सल्ला मिळाला, त्यातले किती पोचले?

अंतर कमी करता येते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले, ते घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलले, त्यांनी पहिली मदत गावातच दिली आणि गरज असलेल्यांना डॉक्टरशी जोडून दिले. नैराश्य असलेल्यांपैकी कुठलाही उपचार घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते. प्रकल्पानंतर ते २७.२ टक्के झाले, आणि हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिएट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विदर्भातल्या ज्या गावांची नावे आपण शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत वाचतो, त्यांच्याच शेजारची ही गावे. तिथे कुठलेही मोठे रुग्णालय बांधले गेले नव्हते. हा आकडा आपल्याला सांगता येतो तो केवळ आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजले म्हणून.

दाखल रुग्णांच्या बाबतीतही अंतराकडे पाहा. चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या, बऱ्या झालेल्या माणसांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. नातेवाईकांनी टाकले, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. काहींनी टाकले असेलही. पण चारशे किलोमीटरवरच्या रुग्णालयात ठेवलेल्या भावाला भेटायला शेतमजूर बहीण वर्षातून किती वेळा जाऊ शकते? भेटी दोन-तीन महिन्यांवर जातात, मग वर्षावर, मग पत्ता बदलतो. प्रत्येक दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णाच्या घराचे अंतर त्याच्या मुक्कामाच्या वर्षांशेजारी लिहून पाहावे, अशी माझी खास विनंती आहे. त्या दोन रकान्यांत काय दिसेल याचा मला अंदाज आहे, पण अंदाजावर कोणाला दोष द्यायचा नाही.

खासगीपणाची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी. कायद्याच्या तेविसाव्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शंभर उंबऱ्यांच्या गावात दोन रुग्ण असे छापले, की गावाला नावे कळतात आणि त्या घरांचे जगणे अवघड होते. म्हणून मोजणी गाववार आणि प्रसिद्धी तालुकावार असावी. आकडा फार लहान असेल तिथे शेजारचे तालुके एकत्र करून द्यावा. हे नीट पाळले नाही तर केसपेपरवर गाव सांगायलाही लोक कचरतील, आणि त्यांचे ते कचरणे रास्त असेल.

आपल्याकडे मागायचे ते असे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडून ‘लांब’ची मर्यादा तासांत आणि रुपयांत ठरवून घ्या, डोंगराळ आणि आदिवासी तालुक्यांसाठी ती सैल करू नका, कारण तिथेच तिची गरज जास्त आहे. ती मर्यादा ओलांडणाऱ्या प्रत्येक तालुक्यात महिन्यातून किती दिवस पथक जाणार, ते वेळापत्रक एसटी स्थानकावर लागू द्या. सोबत येणाऱ्यासह प्रवासखर्च देण्याची तरतूद त्या तालुक्यांपासून सुरू करा. आणि येत्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पहिला तालुकावार तक्ता जाहीर करा. तो अपुरा असला तरी चालेल. त्यात चुका असतील तर आम्ही शिक्षक, आशाताई, रुग्णांचे नातेवाईक त्या दाखवून देऊ. आपापल्या तालुक्याचे रस्ते आणि गाड्यांच्या वेळा आम्हाला पाठ आहेत. फक्त सिरोंचा, भामरागड, धडगाव आणि किनवट यांच्या पुढचे रकाने ‘माहिती उपलब्ध नाही’ असे सोडू नयेत.

आपली,
एक भूगोल शिक्षिका आणि एका रुग्णाची बहीण